पुरावस्तू आणि प्राचीन धर्म : ब्रह्मपुरी, इनामगाव आणि मेक्सिको

कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयाच्या संग्रहात वीतभराहूनही लहान अशी ब्राँझची एक पुरुषमूर्ती आहे. दाढी राखलेला, विवस्त्र, एक हात उंचावून उभा असलेला हा पुरुष म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन होय. त्याच्या हातातील त्रिशूळ आज उरलेला नाही. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत रोमन साम्राज्याशी चाललेल्या व्यापाराच्या ओघात ही मूर्ती सह्याद्री ओलांडून पंचगंगेच्या काठी आली, याविषयी विद्वानांत फारसा मतभेद नाही. परंतु ती पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात सहजच दुसरा एक प्रश्न उभा राहतो. सातवाहनकालीन कोल्हापुरात पोसायडनची पूजा होत होती काय? प्रश्न वरवर भाबडा वाटतो. पण त्याचे उत्तर देऊ गेल्यास ते देण्याची रीत कोणती, हेच प्रथम ठरवावे लागते. एखादी वस्तू धर्माविषयी केव्हा बोलते आणि केव्हा मुकी राहते, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी ब्रह्मपुरी आणि इनामगाव या आपल्या दोन स्थळांबरोबर प्राचीन अमेरिकेतील काही उदाहरणे मुद्दाम घेतली आहेत. मेक्सिको व पेरू येथील संस्कृतींचा आपल्याशी काही संबंध होता म्हणून नव्हे. तेथील अभ्यासकांना याच अडचणींतून जावे लागले, आणि काही ठिकाणी त्यांना आपल्याहून चांगला पुरावा लाभला, म्हणून.

प्रथम पोसायडनची जागा पाहू. ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४४-४५ च्या सुमारास राजाराम महाविद्यालयातील प्रा. के. जी. कुंदणगार यांच्या हाती धातूच्या वस्तूंचा जो मोठा निधी आला, त्यात ही मूर्ती होती. पुढे १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले व त्याचा वृत्तान्त १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. कुंदणगारांच्या निधीचा विस्तृत परामर्श कार्ल खंडालावाला यांनी १९६० मध्ये 'ललितकला' या नियतकालिकात घेतला. निधीतील वस्तू शंभराच्या घरात आहेत. त्यांत बहुसंख्य वस्तू येथल्याच कारागिरांनी घडविलेल्या आहेत. रोमन जगातून आलेल्या थोड्याच. भांडी आहेत, सुरई आहे, आरसा आहे, आणि पाठीवर स्वार घेतलेला तो प्रसिद्ध हत्तीही आहे. म्हणजे पोसायडन सापडला तो देव्हाऱ्यात नव्हे, घरगुती धातुसामानाच्या सोबतीत. असा निधी संकटकाळी लपवून ठेवलेला असू शकतो, व्यापाऱ्याच्या मालाचा साठा असू शकतो, किंवा कासाराने वितळविण्यासाठी जमविलेली मोडही असू शकते. या तिन्हींपैकी कोणतीही शक्यता धरली तरी पूजेचा पुरावा त्यातून निघत नाही. मूर्ती ज्याची आहे तो ग्रीकांचा देव होता हे निश्चित. ज्याच्या घरी ती होती त्याचा तो देव होता की नाही, याविषयी मात्र मूर्ती काहीच सांगत नाही. आकृती आणि उपयोग या दोन भिन्न गोष्टी आहेत.

याच्या उलट उदाहरण मेक्सिको शहराच्या पोटात मिळाले. तेथील आस्तेक लोकांच्या तेनोच्तित्लान या राजधानीचे मुख्य देवालय स्पॅनिश विजेत्यांनी १५२१ नंतर पाडले व त्यावर नवे शहर वसविले. त्या देवालयाच्या उत्खननात जमिनीखाली पुरलेल्या शेकडो अर्पण-पेटिका उघडकीस आल्या. त्यांपैकी एका पेटिकेत हिरवट दगडाचा एक लहान मुखवटा होता. तो आस्तेकांचा नाही; त्यांच्याहून सुमारे दोन हजार वर्षे पूर्वीच्या ओल्मेक संस्कृतीचा आहे. इतर पेटिकांत तेओतिवाकान या शेकडो वर्षे आधी ओस पडलेल्या नगरातील मुखवटेही मिळाले. आता हे मुखवटे आस्तेकांना तितकेच परके होते, जितका पोसायडन कोल्हापूरकरांना. त्यांवरील चेहरा कोणाचा, हे त्यांना बहुधा ठाऊकही नसावे. तरीही ते धर्माच्या क्षेत्रातील आहेत असे निःशंकपणे म्हणता येते. कारण ते देवालयाच्या गाभ्यात, ठरावीक रचनेने मांडलेल्या शंख, प्रवाळ, मासे, रक्तसाधने यांच्यासह पुरलेले आहेत. समुद्रसपाटीपासून दोन हजार दोनशे मीटरांहून अधिक उंचीवरच्या त्या शहरात सागरातील वस्तू मुद्दाम वाहून आणल्या होत्या. पर्जन्यदेव त्लालोक याच्याशी, आणि एकंदर जलतत्त्वाशी, त्यांचा संबंध अभ्यासक जोडतात, तो याच मांडणीच्या आधारावर. म्हणजे परका मुखवटा पवित्र ठरला तो स्वतःच्या रूपामुळे नव्हे, ज्या जागी व ज्या सोबतीत तो ठेवला त्यामुळे. ब्रह्मपुरीचा पोसायडन एखाद्या स्तूपाच्या पायात किंवा एखाद्या ओट्यावर दिव्याशेजारी मिळाला असता, तर आपल्यालाही असेच बोलता आले असते.

याच देवालयाच्या पायथ्याशी जे सापडले ते तर पुरातत्त्वाच्या इतिहासात विरळा म्हणावे असे आहे. १९७८ च्या फेब्रुवारीत वीज कंपनीच्या कामगारांना खोदकाम करताना सव्वातीन मीटर व्यासाची एक कोरीव शिला लागली. तिच्यावर हातपाय व मस्तक तोडलेल्या एका स्त्रीचे शरीर आहे. आस्तेकांच्या ज्या कथा बेर्नार्दिनो दे सहागून या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने सोळाव्या शतकात नाहुआत्ल भाषेत, तेथल्याच जाणत्या लोकांकडून लिहवून घेतल्या, त्यांत वित्सिलोपोच्त्ली या युद्धदेवाची जन्मकथा आहे. आईला मारण्यास आलेल्या कोयोल्शाउकी या बहिणीचा त्याने सर्पपर्वतावर वध केला आणि तिचे शरीर तुकडे होत पर्वताच्या पायथ्याशी कोसळले, असे ती कथा सांगते. शिला नेमकी त्याच देवाच्या बाजूच्या जिन्याच्या तळाशी होती. देवालय हाच सर्पपर्वत आणि जिना हाच उतार, हे समीकरण त्या एका शिलेने सिद्ध झाले. एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा यांच्या नेतृत्वाखाली यानंतर जे प्रदीर्घ उत्खनन झाले, त्याची ही सुरुवात होती. येथे ग्रंथ, वस्तू आणि जागा या तिन्ही साक्षी एकमेकींशी जुळल्या, आणि ग्रंथ व वस्तू यांत एका शतकाचेही अंतर नव्हते.

हे अंतर वाढले की काय होते, ते तेओतिवाकान दाखविते. तेथील तेपान्तित्ला या वास्तूतील भित्तिचित्रे १९४२ मध्ये उजेडात आली. आल्फोन्सो कासो यांनी सहागूनच्या आस्तेक वर्णनाचा आधार घेऊन त्यांतील मुख्य आकृती त्लालोकाची व खालचे दृश्य त्याच्या स्वर्गाचे ठरविले. हा अर्थ अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांत राहिला. मग १९७० च्या दशकात ती आकृती पुरुषाची नसून स्त्रीची आहे, ती तेओतिवाकानची महादेवी होय, असे प्रतिपादन झाले. आणि त्यानंतर ही महादेवी म्हणजे अनेक निरनिराळ्या देवतांची आधुनिक अभ्यासकांनी बांधलेली मोट आहे, असा आक्षेप आला. आठ शतकांनंतरच्या ग्रंथाने आठ शतकांपूर्वीचे चित्र वाचावयाचे, तर असे होणारच. येथे हसण्याचे कारण नाही. पुराणांतील एखाद्या कथेच्या आधारे ताम्रपाषाणयुगीन मृण्मूर्तीला नाव देताना आपण याहून दुप्पट अंतर एका वाक्यात ओलांडतो.

दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे व तो कोल्हापूरच्या अभ्यासात घरचाच म्हणावा लागेल. ब्रह्मपुरीच्या परिसरात एकोणिसाव्या शतकातच शिशाची पुष्कळ नाणी मिळाली होती. त्यांवर वासिठीपुत विळिवायकुर, माढरिपुत सिवलकुर, गोतमिपुत विळिवायकुर अशी नावे आहेत. टॉलेमीने दुसऱ्या शतकात उल्लेखिलेला बालेओकुरोस हा यांच्यापैकीच कोणी असावा, असे मानतात. नाण्यांच्या एका बाजूस धनुष्यबाण आहे; दुसऱ्या बाजूस एकावर एक कमानी रचल्यासारखी आकृती व कठड्यातील वृक्ष आहे. या कमानींच्या आकृतीला पहिल्या पिढीतील नाणकशास्त्रज्ञांनी 'चैत्य' म्हटले. नाव रूढ झाले; मग ते नावच पुरावा बनले. नाण्यावर चैत्य आहे, म्हणून राजा बौद्ध. राजा बौद्ध, म्हणून कठड्यातील वृक्ष हा बोधिवृक्ष. आणि वृक्ष बोधिवृक्ष, म्हणून शेजारची आकृती चैत्यच. पुढे ही आकृती पर्वताची असावी, असे मत मांडले गेले व ते पुष्कळांना ग्राह्य वाटले. आकृती तीच राहिली; पालटले ते केवळ तिचे नाव, आणि नावाबरोबर एका घराण्याचा धर्म.

सातवाहनांच्या बाबतीत या गोलाकार तर्काला लगाम घालणारे शिलालेख सुदैवाने उपलब्ध आहेत. नाणेघाटातील लेण्यात राणी नागनिकेचा मानला जाणारा जो लेख आहे, त्याच्या आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण व वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन आहे. पुढे अश्वमेधादी यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे यांची यादी आहे. नाशिकच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील लेखात गौतमी बलश्री आपल्या पुत्रास 'एकबम्हण' असे विशेषण लावते, आणि त्याच लेखान्वये ते लेणे बौद्ध भिक्षूंच्या भदावनीय संघास दान देते. हे लेख नसते आणि केवळ वस्तू व वास्तू उरल्या असत्या, तर सह्याद्रीतील शेकडो लेणी पाहून सातवाहनकालीन महाराष्ट्र आबालवृद्ध बौद्ध होता असे आपण बेलाशक लिहिले असते. भिक्षूंचा विहार डोंगरात कोरला जातो, म्हणून टिकतो. यज्ञाचा मंडप उतरविला जातो, हवि जळून जाते, आणि दक्षिणेच्या गाई कोणाच्या तरी गोठ्यात जातात. धर्माच्या किती अंगाला वस्तुरूप लाभते, हे त्या धर्माच्या लोकप्रियतेवर अवलंबून नसते, त्याच्या आचारावर असते.

खुद्द कोल्हापुरातही बौद्ध धर्माचा निर्विवाद पुरावा आहे. पण तो नाण्यांत नाही. शहरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जो स्तूप उघडकीस आला, त्यातील धातुकरंडकाच्या लेखात बम्ह नावाच्या दात्याचे दान व धमगुताने केलेले काम यांची नोंद आहे. अक्षरे मोजकीच; परंतु जागा, वस्तू व लेख या तिन्हींचे एकमेकांशी पटते, म्हणून ही चार-पाच पदे निधीतील शंभर वस्तूंहून अधिक सांगून जातात. दात्याचे नाव बम्ह असावे आणि त्याचे दान स्तूपाला जावे, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. नावावरून पंथ ठरविण्याची घाई करू नये, एवढे तरी त्यातून कळते. याच भूमीवर हजार वर्षांनी शिलाहार गंडरादित्याने १११० च्या सुमारास मिरज प्रांतात मोठे तळे बांधून त्याच्या काठी शिव, बुद्ध आणि जिन या तिघांची स्थापना केल्याचे त्याच्या ताम्रपटात नमूद आहे. ताम्रपट हरवला असता आणि तीन देवालयांचे जोते तेवढे उरले असते, तर त्यावर तीन पंथांच्या संघर्षाचा एखादा प्रबंध झाला असता, अशी शंका येते.

आता ज्या काळी लेखच नाहीत त्या काळाकडे वळू. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने सांकलिया, म. के. ढवळीकर व झै. दा. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगीन महाराष्ट्राविषयी आपल्याला जे काही ज्ञात आहे, त्यातील मोठा भाग या एका गावाने दिला आहे. तेथे सनपूर्व १३०० च्या आसपासच्या एका घरात, कोपऱ्यातील जमिनीखाली, मातीची एक लंबगोल पेटी पुरलेली आढळली. पेटीवर झाकण होते. आत कच्च्या मातीची, मस्तक नसलेली एक स्त्रीमूर्ती होती. झाकणावर मस्तक असलेली दुसरी स्त्रीमूर्ती आणि एक बैल. बैलाच्या पाठीत व मस्तकहीन मूर्तीच्या पोटात छिद्र होते. छिद्रांत काडी घातली की मूर्ती बैलाच्या पाठीवर नीट बसते.

या शोधाचे महत्त्व स्त्रीमूर्ती सापडली यात नाही. स्त्रीमूर्ती सर्वत्र सापडतात. ब्रह्मपुरीला सापडल्या, तेरला, नेवाशाला सापडल्या. आणि प्रत्येकीला मातृदेवता म्हणून नोंदविण्याची सवय आपल्या अंगवळणी पडली आहे. १९६२ मध्ये पीटर उको यांनी या सवयीवर कठोर टीका केली. मानवाकृती मृण्मूर्ती ही बाहुली असू शकते, मंत्रतंत्राचे साधन असू शकते, मुलामुलींना दीक्षाविधीत शिकविण्याची वस्तू असू शकते. देवता ही अनेक शक्यतांपैकी केवळ एक होय, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या आक्षेपाला अमेरिकेतूनच उत्तम दाखला मिळतो. नैर्ऋत्य अमेरिकेतील होपी लोक लाकडाच्या ज्या काचिना आकृती कोरतात, त्या दैवी शक्तींच्या आहेत. पण त्या पूजेसाठी नसून विशेषतः मुलींना भेट दिल्या जातात, आणि त्यांवरून मुले त्या शक्तींची ओळख करून घेतात. होपींविषयी काहीही ज्ञात नसलेल्या उत्खननकाराला घराघरांत त्या मिळाल्या, तर त्याने त्यांना गृहदेवता म्हटले असते. किंवा खेळणी म्हटले असते. तेही तितकेच अपुरे. कोल्हापूरकराला यासाठी इतके दूर जाण्याचेही कारण नाही. बेंदराच्या दिवशी कुंभाराकडून आणलेले मातीचे बैल पाटावर बसतात, त्यांना गंध-फूल व नैवेद्य मिळतो. दुसऱ्या दिवशी तेच बैल पुष्कळ घरी मुलांच्या हाती जातात व चार दिवसांत त्यांचे शिंग मोडते. मोडका बैल उकिरड्यात सापडला तर तो खेळणे की पूजावस्तू? एकच वस्तू आज एक असते, उद्या दुसरी असते. कुंदणगार निधीतील हत्तीविषयीही हा प्रश्न मोकळाच ठेवणे श्रेयस्कर.

इनामगावची पेटी या अनिश्चिततेतून सुटते, ती तिच्या मांडणीमुळे. मूर्ती भाजलेल्या नाहीत. म्हणजे त्या टिकाव्यात अशी अपेक्षा नव्हती, एखाद्या प्रसंगापुरत्या त्या केल्या होत्या. त्या फेकलेल्या नाहीत, मोडल्या म्हणून टाकलेल्या नाहीत. झाकणाच्या पेटीत ठेवून राहत्या घराच्या जमिनीखाली पुरल्या आहेत. मस्तक तुटलेले नसून मूर्तीच मस्तकाविना घडविलेली आहे. आणि दोन छिद्रांवरून बैलाशी तिचा संबंध आपल्या कल्पनेतला नसून करणाऱ्याच्या मनातला होता, हे ठरते. खेळण्याची अशी व्यवस्था कोणी लावीत नाही. त्याच गावात, त्याच घरांच्या जमिनीखाली, दोन रांजणे तोंडाला तोंड लावून त्यांत अर्भकांना पुरल्याचे मोठ्या संख्येने आढळले. घराच्या जमिनीखाली पुरणे या कृतीला त्या लोकांच्या जीवनात काही भार होता, हे उघड आहे. अपत्यजन्म व अपत्यरक्षण यांच्याशी या मूर्तीचा संबंध असावा असे ढवळीकरांनी सुचविले, ते या संदर्भात सयुक्तिक वाटते.

येथपर्यंत पाऊल घट्ट जमिनीवर आहे. यापुढचे तसे नाही. मस्तकहीन देवी म्हटली की लज्जागौरीचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. तेर, नेवासे, भोकरदन येथील सातवाहनकालीन व त्यानंतरच्या लहान मूर्तींपासून महाकूटच्या, आज बदामीला असलेल्या, शिल्पापर्यंत ही देवता दिसते. सांकलियांनी १९६० मध्ये तिच्यावर स्वतंत्र लेख लिहून पश्चिम आशियापर्यंत तिचा माग काढला, रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' या ग्रंथात ग्रामदेवतांच्या परंपरेतून तिचा मोठ्या व्यासंगाने शोध घेतला. इनामगावची देवी हिचीच पूर्वज, असे म्हणण्याचा मोह प्रस्तुत लेखकासही होतो. परंतु दोहोंमध्ये तेराशे-चौदाशे वर्षांचे अंतर आहे; इनामगावसारखी गावे सनपूर्व ७०० च्या सुमारास उठून गेली आणि सातवाहनकालीन नगरे नव्याने वसली; शिवाय लज्जागौरीची उत्तान बैठक इनामगावच्या मूर्तीत नाही. मस्तकाचा अभाव एवढेच साम्य उरते. तेवढ्यावर वंशावळ उभी करावी की नाही, हा ज्याच्या त्याच्या सावधगिरीचा प्रश्न आहे. माझ्या मते करू नये; मधला दुवा मिळेपर्यंत साम्य नोंदवून थांबावे.

लेख नसतानाही चित्रांच्या आधारे किती पुढे जाता येते, याचे उदाहरण पेरूत आहे. तेथील उत्तर किनाऱ्यावरील मोचे लोकांना लिपी नव्हती. इसवी सनाच्या पहिल्या ते आठव्या शतकाच्या दरम्यान त्यांनी मातीच्या भांड्यांवर बारीक रेषांची असंख्य दृश्ये रंगविली. त्यांतील एका दृश्यात बंद्यांचे गळे चिरून त्यांचे रक्त चषकातून एका तेजोवलयांकित पुरुषाला दिले जाते. शेजारी पक्षिमुख पुरोहित आणि एक स्त्री आहे. १९७० च्या दशकात क्रिस्टोफर डॉनन यांनी अनेक भांडी ताडून ही पात्रे ठरीव आहेत, प्रत्येकाचा शिरोवेष व आयुधे ठरलेली आहेत, असे दाखविले. हे पुराणकथेचे चित्र की घडणाऱ्या विधीचे, हा प्रश्न मात्र राहिला. १९८७ मध्ये सिपान येथे लुटारूंनी हात घातलेल्या टेकाडात वाल्तेर आल्वा यांना एक अभंग दफन मिळाले. त्यातील पुरुषाच्या अंगावर चित्रातील त्या मुख्य पात्राचीच भूषणे होती : अर्धचंद्राकार शिरोभूषण, कमरेचा पत्रा, राजदंड. चार वर्षांनी सान होसे दे मोरो येथे चित्रातील त्या स्त्रीच्या वेषात पुरलेली एक स्त्री सापडली. चित्रातील पात्रे पृथ्वीवर वावरत होती, हे यामुळे सिद्ध झाले. डॉनन यांनी अनुमान आधी प्रसिद्ध केले आणि पुरावा नंतर आला, हे विशेष. पुरातत्त्वात अनुमानाची अशी परीक्षा क्वचितच होते.

माया लोकांच्या बाबतीत याच्या उलट घडले. त्यांची लिपी वाचता येत नव्हती तोपर्यंत त्यांचे कोरीव पुरुष म्हणजे पुरोहित व देव, आणि लेख म्हणजे ज्योतिषाच्या घटिका, अशी समजूत होती. १९६० मध्ये तातियाना प्रोस्कुरियाकोफ यांनी त्या तारखा राजांच्या जन्माच्या, राज्यारोहणाच्या व मृत्यूच्या आहेत, हे दाखवून दिले. धर्म त्यामुळे नाहीसा झाला नाही. यास्चिलान येथील ७०९ मधील एका तुळईवर राणी काट्यांची दोरी जिभेतून ओढून रक्त अर्पण करते व राजा वर मशाल धरतो, हे दृश्य धार्मिकच आहे. पण ती एक नाव असलेली राणी आहे, आणि विधी तिच्या घराण्याच्या राज्याधिकाराशी बांधलेला आहे. अर्थ कळत नाही त्या प्रत्येक वस्तूवर 'धार्मिक विधीची' अशी चिठ्ठी लावण्याची खोड पुरातत्त्वज्ञांत जगभर आहे. संग्रहालयांच्या कपाटांतून ती अजूनही भेटते.

जी वस्तू ओळखूच येणार नाही तिचे काय? आंदीज पर्वतातील लोक ज्यांना 'वाका' म्हणत, त्यांत सोन्याच्या मूर्ती होत्या तशा न घडविलेल्या शिळा, झरे, गुहा व शेताच्या बांधावरचे दगडही होते. स्पॅनिश धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या नाशासाठी याद्या केल्या, म्हणून आज त्यांची नावे तरी कळतात. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. शेंदूर माखलेला तांदळा हा म्हसोबा असतो, बिरोबा असतो, एखाद्या कुळाची देवी असते. शेंदराची पुटे गळाली आणि पूजणारी माणसे गाव सोडून गेली, की तो केवळ धोंडा. वाडी रत्नागिरीला चैत्रात जोतिबाच्या यात्रेत सासनकाठ्या नाचतात व डोंगर गुलालाने माखतो. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याने सारी वाट पिवळी होते. बांबू, गुलाल, हळद, लोकर, ढोलाचे कातडे यांपैकी दोन हजार वर्षांनी काय उरेल? देवळाचे दगड उरतील आणि त्यांवरून शैलीची चर्चा होईल. ब्रह्मपुरीच्या सातवाहनकालीन घरांतील लोकांच्या धर्माचाही मोठा भाग असाच गुलालात व भंडाऱ्यात असला पाहिजे.

वस्तूचे धर्मजीवन ती पुरली गेली म्हणजे संपते, असेही नाही. मेक्सिको शहराच्या मुख्य चौकात १३ ऑगस्ट १७९० रोजी कोआत्लिक्वे या देवमातेची अडीच मीटरांहून उंच अशी भव्य शिला निघाली. तिला विद्यापीठाच्या प्रांगणात नेले. अडीचशेहून अधिक वर्षे ख्रिस्ती झालेले मूळचे रहिवासी तिच्यापुढे मेणबत्त्या व फुले ठेवू लागल्याचे तत्कालीन बिशपाने लिहून ठेवले आहे. अधिकाऱ्यांनी ती शिला विद्यापीठातच पुन्हा पुरली; १८०३ मध्ये हुम्बोल्ट आला तेव्हा त्याला पाहता यावी म्हणून ती उकरली गेली. आपल्याकडे शेतात नांगराला वीरगळ लागला की त्याला पारावर बसवून शेंदूर लावतात; मग तो कोणाचा होता हे कोणी विचारीत नाही. संशोधकाला याचा विषाद वाटतो खरा, कारण सापडण्याची जागा गेली की साक्ष गेली. पण त्या दगडाचा आजचा धर्म हाही धर्मच आहे, आणि त्याचीही नोंद घेतली पाहिजे : कोणत्या गावी, कोणत्या शेतातून, कोणत्या वर्षी आणला, आज त्याला काय म्हणतात.

ब्रह्मपुरीच्या बाबतीत करता येण्याजोगे काम आहे. निधीची सोबत आता परत मिळणार नाही. परंतु १९४५-४६ च्या उत्खननाचा वृत्तान्त हाताशी आहे. त्यातील मृण्मूर्ती, प्राण्यांच्या आकृती, मणी व दिवे यांची वर्णने आकृतीच्या क्रमाने वाचण्याऐवजी थर, खड्डा व घर यांच्या क्रमाने पुन्हा मांडली, तर कोणती मूर्ती चुलीजवळ होती, कोणती भिंतीच्या पायात व कोणती राखेच्या खड्ड्यात, याचे एक कोष्टक उभे राहील. त्या कोष्टकात किती रकाने रिकामे राहतात, तेही पाहण्यासारखे आहे. पदव्युत्तर वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याने एक वर्ष दिल्यास हे पुरे होईल. त्यासाठी त्याने मूर्तींना नावे देण्याचे काम तेवढे वर्षभर लांबणीवर टाकावे.